सांगलीच्या त्या साउंडवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही केबली गुंडाळत होतात आणि आमच्या वाद्यवृंदाची गाडी हॉर्न वाजवत उभी होती. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय.

पत्र्याच्या छपराचं ते मंगल कार्यालय आठवतंय? साउंड चेकला माझी बास गिटार पांढरी सहावर, म्हणजे ‘ए’ सुरावर, आली की अख्खा हॉल घुमायचा, बाकीचे सूर मात्र ढोलकीखाली गडप. हे चार वर्षं चाललं होतं. ‘बास घुमतोय, कमी कर’ असं कुणी ओरडलं की मी ॲम्पवरचं बासचं बटण मागे फिरवायचे, आणि मग आवाजातला जीवच जायचा. ते बटण खालचा सगळा पट्टाच उचलतं नाहीतर पाडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही लांब केबल लावून मला गिटारसकट मिक्सरपाशी उभं केलंत. पॅरामेट्रिक इक्यू, म्हणजे आवाजाचा हवा तेवढाच पट्टा निवडून कमी-जास्त करायची सोय, उघडलात आणि म्हणालात, ‘तीनच गोष्टी आहेत. कुठे, किती आणि केवढ्या रुंदीत.’ आवाज आधी खाली घेतलात, क्यू (म्हणजे ती रुंदी) अरुंद केलात, गेन (म्हणजे ते ‘किती’) मुद्दाम १० डेसिबल चढवलात आणि फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे ‘कुठे’चं, बटण माझ्या हाती दिलंत. ‘सावकाश फिरव. कानाला नकोसं होईल तिथे थांब.’ मी ११० हर्ट्झला थांबले. पांढरी सहाच ती! मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, तिचा दुसरा स्वरांश, म्हणजे त्याच सुरात दडलेला दुप्पट कंपनांचा सूर, ११०, आणि तो हॉल नेमका त्याच आकड्याला साथ देत होता. तुम्ही तिथेच ६ डेसिबल कापलेत. घुमणं गेलं, वजन तसंच राहिलं. अंगावर काटा आला हो!

मग २५० हर्ट्झच्या आसपासचा गढूळपणा थोडा काढलात. ऑक्टोपॅडच्या किकला, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या खालच्या ठोक्याला, ६० हर्ट्झपाशी जागा मोकळी करून दिलीत. शेवटी ८०० हर्ट्झला, क्यू रुंद ठेवून, फक्त ३ डेसिबल वाढवलेत, आणि माझी बोटं तारेवरून सुटताना ऐकू यायला लागली. मी आणखी खालचा आवाज मागत होते, तेव्हा तुम्ही मान हलवलीत: ‘तुझ्या सगळ्यात जाड तारेचा ४१ हर्ट्झ मोबाइलवर वाजतच नाही. वरचे स्वरांश ऐकू आले, तर खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो.’

घरी आल्यावर वाचत बसले. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध मांडला होता म्हणे. त्यांचेही आभार. पण मला ते बटण फिरवू दिलंत तुम्ही. कार्यक्रमाला जेमतेम तासभर उरला होता, गायकांचे माइक अजून लागायचे होते, आयोजक दोनदा घड्याळ दाखवून गेले. तुम्ही स्वतः दोन मिनिटांत सगळं लावून मला परत पाठवू शकला असतात.

आता नव्या हॉलमध्ये गेलं की मी आधी एकेक सूर वाजवत कुठला घुमतो ते शोधते. दर ठिकाणी आकडा वेगळा निघतो, म्हणून तुमचा ११० मी कुठेही आंधळेपणाने लावत नाही.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आईने मोबाइलवर ऐकलं. लावणी सुरू झाली, तशी ती पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, ‘हे खालून चाललंय ना, ते तुझं?’

तुमची,
बास वाजवणारी ती मुलगी