अकरा वेळा ‘ठीक आहे’

प्रिय राजा,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू अकरा वेळा ‘ठीक आहे’ म्हणालास. तब्येत? ठीक आहे. झोप? ठीक आहे. काम? ठीक आहे. मी मुद्दाम मोजत बसलो नव्हतो, पण जन्मभर हिशेब तपासलेल्या माणसाच्या डोक्यात आकडा आपोआप पडतो. फोन ठेवला आणि आईला म्हटलं, याचं काहीतरी बिनसलंय. मंगळवारी ताईकडून कळलं, तुझी नोकरी जाऊन महिना झाला.

रागवायला हे पत्र लिहीत नाही. खरं तर फोनच करणार होतो. दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला, कारण आपलं काय बोलणं झालं असतं ते मला पाठ आहे. मी म्हणालो असतो, “मग आता पुढे काय?” तू म्हणाला असतास, “बघतो.” विषय संपला. कागदावर निदान मध्येच फोन ठेवता येत नाही.

तू महिनाभर लपवलंस याचं मला आश्चर्य वाटलं नाही. हे कुठे शिकलास ते मला माहीत आहे.

तू सात वर्षांचा होतास. शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणायला उभा राहिलास. घरी शंभर वेळा म्हटलेली कविता, पण दुसऱ्या कडव्यानंतर अडलास. पाठीमागून कुणीतरी शब्द सांगितला, तो तुला ऐकू आला नाही. मग तू तसाच नमस्कार करून आत आलास. मी गुडघ्यावर बसलो, तुझे खांदे धरले आणि म्हणालो, “काही झालेलं नाही. हस बघू.” आणि तू हसलास. वरचा ओठ हसत होता, खालचा थरथरत होता. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, पोरगं किती चटकन सावरलं. आज तो चेहरा डोळ्यांसमोर आणतो तेव्हा कळतं की तू सावरला वगैरे नव्हतास. बाबांना बरं वाटावं म्हणून हसला होतास. आणि ‘काही झालेलं नाही’ हे धादांत खोटं होतं. सात वर्षांच्या माणसाचं केवढं तरी झालेलं होतं.

निवृत्त झाल्यापासून मी या विषयावर हाताला लागेल ते वाचतोय. ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द तू ऑफिसच्या एखाद्या ट्रेनिंगमध्ये ऐकला असशील आणि जांभई दिली असशील. मीही आधी नाक मुरडलं होतं. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एका लेखात ही कल्पना मांडली. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावनांकडे लक्ष ठेवणं, त्यांच्यातला फरक ओळखणं आणि मिळालेली माहिती विचार करताना, वागताना वापरणं, एवढीच त्यांची साधी व्याख्या. पाच वर्षांनी डॅनिएल गोलमन यांचं पुस्तक आलं, ते तुफान खपलं आणि तिथून बाजार सुरू झाला. यश हवंय? भावनिक बुद्धिमत्ता वाढवा. पगार हवाय? तेच. ते सगळं बाजूला ठेव. मला त्या व्याख्येतला एकच शब्द धरून ठेवावासा वाटला: माहिती. भावना ही माहिती आहे. म्हणजे माझ्या भाषेत, ती एक नोंद आहे.

आमच्या कामात सस्पेन्स खातं असतं. एखादी रक्कम आली, पण ती कशाची हे कळत नसेल, तर तात्पुरती तिथे टाकून ठेवायची. ताळेबंद त्या दिवसापुरता जुळतो. मी अशा पेढ्या पाहिल्यात जिथे वर्षानुवर्षं सगळं सस्पेन्सला टाकत गेले, आणि एक दिवस ते खातंच इतर सगळ्या खात्यांपेक्षा मोठं झालं. तुझं ‘ठीक आहे’ हे सस्पेन्स खातं आहे, राजा. आणि ते माझ्याकडून वारशाने आलंय.

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांचा १९९३ सालचा एक प्रयोग वाचला. लोकांना किळस येईल अशी दृश्यं दाखवली. काहींना सांगितलं, नुसतं बघा. काहींना सांगितलं, असं बघा की तुमच्याकडे पाहून कुणाला काही कळता कामा नये. दुसऱ्या गटाने चेहरे बऱ्यापैकी कोरे ठेवले. पण आतली किळस काही कमी झाली नाही, आणि शरीरावरच्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. पुढे २००३ साली ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांना असंही दिसलं की नेहमीच भावना दाबणाऱ्या माणसांना जवळची नाती कमी असतात, आनंद कमी वाटतो, आयुष्याबद्दलचं समाधान कमी असतं. एखाद्या प्रसंगाकडे वेगळ्या बाजूने बघून त्याचा अर्थ बदलू शकणाऱ्यांचं चित्र याच्या बरोबर उलट होतं.

पण मला खरी झोप उडवणारी गोष्ट त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात सापडली. एमिली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या केल्या, त्यांना अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि तिच्यावर गप्पा मारायला सांगितलं. काही जोड्यांतल्या एकीला गुपचूप सूचना होती की भावना चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही. तर समोरच्या बाईचा, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिचा रक्तदाब वाढला.

हे वाचलं आणि मला आपलं घर आठवलं. आजोबा गेले तेव्हा मी रडलो नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे! मी कागदपत्रं गोळा केली, सगळ्यांना कळवलं, पंधराव्या दिवशी कामावर गेलो. त्या दिवशी संध्याकाळी तू गणितं सोडवत बसला होतास आणि तुझी कंपासपेटी खडखडत होती. मी उठलो, ती हातातून ओढून घेतली आणि भिंतीवर फेकली. कर्कटक कपाटाखाली गेलं. तू बारा वर्षांचा होतास. हूं की चूं केलं नाहीस, एकेक वस्तू गोळा करून पेटीत भरलीस. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्यानंतर कित्येक महिने मी घरात आलो की तुम्ही आवाज कमी करायचात. मी गप्प होतो आणि रक्तदाब तुमचे वाढत होते.

कंपासपेटीबद्दल मी तुझी माफी कधीच मागितली नाही. आज मागतो.

मला तेव्हा कुणी विचारलं असतं की काय होतंय, तर मी म्हणालो असतो, राग येतोय. तो राग नव्हताच. पण माझ्याकडे शब्द दोनच होते: राग आणि ठीक. मराठी माणसाला हे शोभत नाही, कारण आपल्या भाषेने या बाबतीत काही कमी ठेवलेलं नाही. चीड वेगळी, वैताग वेगळा, त्रागा तर फारच वेगळा. त्राग्यात माणूस स्वतःचंच नुकसान करतो, समोरच्याला दिसावं म्हणून. रुसलेल्याला समजूत काढली जाण्याची आशा असते, कुढणाऱ्याने ती सोडलेली असते. हेव्याला म्हणायचं असतं, मलाही हवं. मत्सराला म्हणायचं असतं, त्याला नको. हुरहूर कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून असते, रुखरुख होऊन गेलेल्या गोष्टीला चिकटलेली असते. आणि शब्द सुचला नाही तर शरीराला विचारावं, तेही आपल्या भाषेला ठाऊक आहे: पोटात खड्डा पडला, छातीत धस्स झालं, हातपाय गळले, आवंढा गिळला.

नाव अचूक असलं की उपाय अचूक सापडतो, इतकं सरळ आहे ते. वैताग असेल तर झोप काढावी. अपमान असेल तर झोपून तो जात नाही, कुणाशी तरी बोलावं लागतं. भीती असेल तर कागद-पेन घेऊन बसावं आणि नेमकी कशाची ते लिहावं. २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि मंडळींनी मेंदूचे स्कॅन घेताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द द्यायला सांगितला तेव्हा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, शांत व्हायला लागला. त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव निवडायला सांगितलं तेव्हा तसं झालं नाही.

आता तू म्हणशील, बाबा निवृत्त झाले आणि प्रवचनकार झाले. तर माझ्या शंकाही ऐक. भावनिक बुद्धिमत्ता आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण तो कसा मोजला यावर बरंच अवलंबून आहे. ‘मला माझ्या भावना चांगल्या कळतात’ यावर स्वतःच टिकमार्क करायच्या चाचण्यांत हा संबंध ठळक येतो. प्रत्यक्ष चेहरे ओळखायला, प्रसंग सोडवायला लावणाऱ्या चाचण्यांत तो बराच फिका पडतो. हिशेब तपासणाऱ्याला हे लगेच खटकतं. आपलाच ताळेबंद आपणच तपासला तर तो चांगला निघणारच! शिवाय आधीच आनंदात असलेला माणूस स्वतःला जास्त गुण देईल, हेही आहेच. दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येणारे सगळे सज्जन असतात असंही नाही. माझ्या नोकरीत एक वरिष्ठ होते, समोरच्याचं दुखरं बोट कुठलं ते त्यांना पाच मिनिटांत कळायचं आणि ते नेमकं तिथेच दाबायचे. आणि गप्प राहणं दर वेळी विषारीच असतं असंही समजू नकोस. हाँगकाँगमधल्या चिनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात भावना दाबण्याचा आणि असमाधानाचा तसा संबंध दिसला नाही, अमेरिकी गोऱ्या विद्यार्थ्यांत दिसला. मर्यादा राखणं आणि कोंडून घेणं यांत फरक असतो. तो बाहेरून दिसत नाही, आतून कळतो.

आणखी एक घोळ माझा स्वतःचा झाला. भावना ओळखायच्या म्हणून मी त्या उगाळत बसायला लागलो. रात्री दोन वाजता छताकडे बघत, माझंच का असं, तेव्हा तसं केलं असतं तर. याने कुणाचं भलं झालेलं नाही. सुझन नोलन-होक्सेमा या बाईंनी पुष्कळ वर्षं हेच दाखवलं की असं उगाळणं नैराश्य लांबवतं. उगाळणं गोल फिरतं. लिहिणं निदान पुढच्या ओळीवर जातं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं, हे लक्षात ठेव. पण पुढच्या काही महिन्यांत घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फरक लहानच निघाला. तरी पंधरा मिनिटं आहेत, करून बघ. मला दाखवू नकोस, कुणालाच दाखवू नकोस.

मात्र झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर वही पुरणार नाही आणि बापही पुरणार नाही. तेव्हा डॉक्टरकडे जायचं. मोडलेल्या हाताला आपण शब्द देत बसत नाही.

तुला सांगतोय तर आधी मी करून दाखवतो. मंगळवारी ताईचं बोलणं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा आला तो राग. दहा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या. रागाच्या खाली काय ते बघितलं तर अपमान निघाला: ताईला सांगितलं, मला नाही. त्याच्याखाली रुखरुख, ती कवितेच्या दिवसाची. आणि अगदी तळाशी भीती. तुझ्या नोकरीची नव्हे. नोकऱ्या जातात, येतात. भीती ही की तू त्या खोलीत एकटा बसून कुणाच्या तरी समाधानासाठी हसत असशील.

तुझं काय, ते मला माहीत नाही. लाज असेल, संताप असेल. कदाचित सुटल्यासारखंही वाटत असेल. ती नोकरी तुला कधी फारशी आवडली नव्हती, हे मला दिसत होतं. तसं असेल तर तेही सांग, मी दचकणार नाही. आणि काही सांगायचं नसेल तर ‘आज बोलायचं नाही’ म्हण. तेही चालेल. फक्त ‘ठीक आहे’ नको.

रविवारी नेहमीच्या वेळी फोन करतो. ‘पुढे काय’ विचारणार नाही, आईने तशी तंबी दिली आहे. खर्चाचं काय ते बुधवारी ताईबरोबर बसून बघू, ती बाजू मला जमते.

तुझा,
बाबा

ता. क. – कंपासपेटी परवा माळ्यावर सापडली. झाकणाला पोचा आहे, नीट बसत नाही. कर्कटक आत आहे.