देवळीतला सर्व्हर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरात भिंतीतल्या ज्या देवळीत पूर्वी रॉकेलची चिमणी असायची, तिथे दीड वर्षापासून एक लहानसा सर्व्हर आहे, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली साठवणारा, सतत चालू राहणारा संगणक. तो का बसवला, ते वाचकांच्या कामी येईल म्हणून लिहितो आहे.

माझं आजोळ किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती बसल्या. माणसं गेली, आणि आजोबांचा एकुलता एक फोटोही त्याच ढिगाऱ्यात गेला. आज त्यांचा चेहरा आईखेरीज कोणाला आठवत नाही. म्हणून आईच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तो मोबाइल हौदात पडला आणि निम्म्या ओव्या गेल्या. आई आता ब्याऐंशीची आहे. पुन्हा म्हणायला बसली की मधल्या ओळी सुटतात.

उरलेलं जपायला आधी मुलाचा जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवला. आई त्याच खोलीत निजते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "हे रातभर घूं घूं करायलंय, डोळाच लागंना." वीज मोजायचं छोटं मीटर लावलं तर ७० वॉट, म्हणजे महिन्याला ५० युनिट. आमचा वापर ८०-९० युनिटचा. शंभरी ओलांडली की पुढच्या युनिटचा दर चांगलाच चढतो.

मग एका कार्यालयातून मोडीत निघालेला, पंखा नसलेला 'थिन क्लायंट', म्हणजे पेटीएवढा छोटा संगणक, सेकंडहँड आणला. आत फिरती हार्ड डिस्क नाही, एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क आहे. हलणारं काहीच नसल्याने आवाज नाही, धूळही आत ओढली जात नाही. संगणक चालवणारी डेबियन ही मोफत प्रणाली टाकली, आणि घरातल्या यंत्रांना फाइली वाटून देणारं सांबा हे सॉफ्टवेअर बसवलं. घरातल्या मोबाइलवरून सगळं एका फोल्डरसारखं उघडतं. वीज लागते ९ वॉट, महिन्याला साडेसहा युनिट. १२ व्होल्टवर चालणारीच पेटी मुद्दाम शोधली, कारण इंटरनेटच्या राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीवर वीज देणारा डबा, तिला चालतो. आमच्याकडे लाइट सांगून जात नाही, आणि काही साठवलं जात असताना गेली तर फाइल अर्धवट राहते. उन्हाळ्याची काळजी मात्र घ्यावीच लागते. मे महिन्यात पश्चिमेची भिंत अशी तापली की पेटीला हात लावता येईना. तेव्हा ती आतल्या भिंतीच्या देवळीत हलवली आणि खाली लाकडाच्या दोन पट्ट्या दिल्या, वारा खेळू लागला.

तरीही सगळं एकाच घरात ठेवायला माझं मन धजत नाही. बहीण परभणीला असते. पंचमीला आणि दिवाळीला माहेरी येते, तेव्हा ताजी प्रत भरलेली डिस्क तिच्यासोबत देतो आणि आधीची ठेवून घेतो.

माझी विनंती मराठवाड्यातल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना आहे. गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या, भजनी मंडळांची भजनं, पेटीत पिवळे पडलेले फोटो आताच गोळा करून अशा एका यंत्रात ठेवावेत, आणि दुसरी प्रत शेजारच्या गावच्या वाचनालयात द्यावी. कपाटाच्या एका कप्प्यात हे मावतं. औसा तालुक्यातलं कोणतंही वाचनालय तयार असेल तर पेटी बसवून द्यायला मी स्वतः येईन, येण्याजाण्याचा खर्च माझा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, औसा (जि. लातूर)