टेस्टना लेबल लावायलाही शिकवा

महोदय,

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या क्लासेसच्या जाहिराती पुण्यात जागोजागी दिसतात. मुलाखतीला येणारी मुलं सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं साधन) सफाईनं चालवतात. पण ‘तुमच्या टेस्टपैकी स्मोक टेस्ट (मुख्य गोष्टी चालतात का, हे झटपट पाहणाऱ्या) कोणत्या?’ विचारलं की गप्प! जावातल्या टेस्टसाठीच्या जेयुनिट ५ या साधनात टेस्टला लेबल म्हणून ‘टॅग’ लावता येतो, पायथॉनसाठीच्या पायटेस्टमध्ये ‘मार्कर’. मग कोड बदलला की मोजक्या टेस्ट लगेच चालवायच्या, डेटाबेसला हात घालणाऱ्या संथ टेस्ट रात्री. लेबलं मात्र आधी ठरवून नोंदवावीत. स्पेलिंग चुकलं तर पायटेस्ट नुसता इशारा देतं, आणि ती टेस्ट निवडीतून बिनबोभाट गळते. ‘स्ट्रिक्ट मार्कर्स’ हे सेटिंग चालू असेल तर पायटेस्ट तिथेच अडवतं. ‘इतर’ हे लेबल तर नकोच, सगळा गाळ तिथेच साचतो. क्लासचालकांनी यासाठी एखादा तास ठेवावा.

— एक टेस्ट इंजिनिअर, हिंजवडी, पुणे