बाबा, नेट बंद करून अफवा मरत नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. बाबा तुम्ही म्हणालात की कुठे काही पेटलं की पहिलं नेट बंद करायला पाहिजे, निम्मी भांडणं तिथेच मिटतात, आणि मला मीटिंगला पळायचं होतं म्हणून मी नुसतं हं हं करून फोन ठेवला. पण दोन दिवस तेच डोक्यात फिरतंय. मी दिवसभर सॉफ्टवेअरच करतो, घरी आल्यावरही त्याच्याबद्दलच वाचतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला जमत नाही हे आईला माहितीये. फॅमिली ग्रुपवर मुद्दाम टाकलं नाही, तिथे लगेच कोणता पक्ष आणि कोणता समाज सुरू होतं आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

तुमचं म्हणणं कुठून येतंय ते मला कळतं. 2023 च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, त्यावरून बंद, मोर्चा, दगडफेक, लाठीमार आणि मग नेट बंद, हे सगळं आपण टीव्हीवर बघितलंय. आणि त्याच्या आधीचं राईनपाडा तर मी विसरूच शकत नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कितीतरी दिवस मोबाईलवर फिरत होते आणि त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, जमावाला दिसली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. ज्यांनी मारलं त्यातल्या बहुतेकांनी त्या माणसांना त्याआधी कधी बघितलंही नसेल, पण मोबाईलवर 'टोळी' आधीच येऊन गेलेली होती. तेव्हा सॉफ्टवेअरचा यात काही हात नाही असं मी कधीच म्हणणार नाही. हात आहे, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांनी ते मान्य करायला फार वेळ लावला.

पण नेमका कशाचा हात आहे ते बघायला पाहिजे ना. मला वाटतं खरा दोष वेगाचा आहे. अफवा तर आजीच्या काळातही होत्याच की. फरक एवढाच की तेव्हा अफवा एका गावातून दुसऱ्या गावात जायला माणसाला चालत जावं लागायचं, वाटेत कोणीतरी भेटून अरे वेडा आहेस का असं विचारायचं. आता मधे विचारणारा माणूसच उरला नाही, अंगठा आणि बाण, झालं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. 2024 च्या उन्हाळ्यात इथे इंग्लंडमध्ये दंगली झाल्या तेव्हा मी तुम्हाला सगळं ठीक आहे एवढंच सांगितलं होतं, आज खरं सांगतो. 29 जुलैला साऊथपोर्ट नावाच्या गावात लहान मुलींच्या डान्स क्लासमध्ये चाकूहल्ला झाला, तीन मुली गेल्या. ऐकूनच पोटात कालवत होतं. आणि काही तासांतच इंटरनेटवर हल्लेखोराचं एक नाव फिरायला लागलं, मुसलमान वाटेल असं, आणि सोबत माहिती की तो बोटीतून आलेला निर्वासित आहे. सगळं खोटं. मुलगा सतरा वर्षांचा होता, जन्म ब्रिटनमधलाच, वेल्समधल्या कार्डिफचा. पण वय कमी म्हणून पोलीस नाव सांगू शकत नव्हते, आणि खरं नाव नाही म्हटल्यावर ती मोकळी जागा खोट्या नावाने भरून काढली. दुसऱ्याच दिवशी साऊथपोर्टच्या मशिदीवर दगडफेक झाली. 1 ऑगस्टला कोर्टाने खरं नाव जाहीर करायची परवानगी दिली, तोपर्यंत आग बाहेर पडलेली होती, 4 ऑगस्टला रॉदरहॅममध्ये निर्वासित ठेवलेल्या हॉटेलला जमावाने आग लावायचा प्रयत्न केला, आत माणसं असताना.

मग एक यादी फिरायला लागली, 7 ऑगस्टला संध्याकाळी कुठे कुठे हल्ला होणार त्याची. ती आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर पण आली. मी स्वयंपाकघरात उभा होतो, मेसेजच्या वर ते दोन बाण होते आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलेलं, म्हणजे मला कळायलाच पाहिजे होतं. तरी मी तो दुसऱ्या ग्रुपवर पाठवला. वाटलं आपल्या लोकांना सावध करू. त्या ग्रुपवर नुकतीच शिकायला आलेली एक मुलगी होती, एकटी राहणारी, तिने तो मेसेज वाचून दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. तिने मला नंतर हे सांगितलं तेव्हा तक्रार म्हणून नाही सांगितलं, पण माझी मान वर होईना. 7 तारखेला त्या यादीतल्या बहुतेक ठिकाणी काहीच झालं नाही. उलट लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये, ब्रिस्टलमध्ये, ब्रायटनमध्ये हजारो साधी माणसं दंगेखोरांच्या विरोधात रस्त्यावर येऊन उभी राहिली. बाबा, ती माणसंसुद्धा मोबाईलवरच निरोप बघून आली होती. नेट बंद असतं तर ती आली असती का?

आता त्या दोन बाणांबद्दल सांगतो कारण मला ते सॉफ्टवेअरमधल्या फार चांगल्या गोष्टींपैकी एक वाटतात. त्या 2018 च्या जमावहत्यांनंतर जुलैमध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं, फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढलं. जानेवारी 2019 मध्ये तेच जगभर लावलं. मग एप्रिल 2020 मध्ये, जो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलाय, म्हणजे ज्यावर ते दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच चॅटला, असा नियम आला आणि कंपनीने स्वतः सांगितलं की असले फॉरवर्ड 70 टक्क्यांनी कमी झाले. यात कोणाचाही मेसेज कोणी वाचलेला नाही हे लक्षात घ्या. मेसेज कुलूपबंदच आहे, फक्त किती हातांतून आलाय त्याचा आकडा त्याच्यासोबत फिरतो आणि तुमचाच फोन तो आकडा बघून तुम्हाला जरा थांबवतो. कोणाला अटक नाही, बंदी नाही, पाठवायचंच असेल तर आजही पाठवता येतं, फक्त दहा वेळा बोट हलवावं लागतं. आणि त्या दहा वेळांमध्ये माणसाला शहाणपण सुचायला वेळ मिळतो.

याच्या उलटं पण झालंय. फेसबुकने 2017 मध्ये ठरवलं की पोस्टवर रागासकट कुठलीही इमोजी आली की ती साध्या लाईकच्या पाचपट मोलाची धरायची, म्हणजे ज्या पोस्टने लोक चिडतात तीही जास्त लोकांना दाखवली जायची. त्यांच्याच माणसांना नंतर दिसलं की असल्या पोस्टमध्ये खोटं आणि विखारी जास्त असतं, तरी त्या रागाचं वजन शून्यावर आणायला सप्टेंबर 2020 उजाडला. एवढी वर्षं जगातल्या कितीतरी देशांमधली भांडणं एका आकड्यावर पोसली गेली. आमच्या ऑफिसात हल्ली सगळीकडे एआय, एआयने कोड लिहा, आठवड्यात अ‍ॅप बाहेर काढा, मलाही त्यात मजा येते, खोटं कशाला बोलू. पण इतक्या वेगाने अ‍ॅप बाहेर पडायला लागली की असला रागाच्या पाचपटीचा आकडा कोणी घातला, का घातला, हे विचारायला कोण बसणार? माझी सगळ्यात मोठी काळजी ही आहे, रोबो माणसाची नोकरी खाणार वगैरे त्याच्या नंतर.

बरं, नेट बंदचं. जुलै 2024 मध्येच, साऊथपोर्टच्या दहाएक दिवस आधी, बांगलादेशात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि 18 तारखेला सरकारने अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं. माझ्या शेजारच्या डेस्कवर ढाक्याचा एकजण बसतो. परदेशातून फोनही धड लागत नव्हते. तो पाच दिवस सकाळी येऊन लॅपटॉप उघडायचा, मोबाईल कीबोर्डवर ठेवायचा आणि आईचा नंबर लावायचा, लागला नाही की स्क्रीन पुसायचा शर्टच्या बाहीला, परत लावायचा. पाचव्या दिवशी फोन लागला तेव्हा तो उठून जिन्यात गेला आणि अर्ध्या तासाने लाल डोळ्यांनी परत आला. मी त्याच्या जागी स्वतःला बघत होतो आणि तुम्हाला दोघांना बघत होतो. आई, तू म्हणतेस ना फोन नाही आला की तुला झोप लागत नाही, तेच, फक्त गोळीबार चालू असताना. आणि एवढं करून आंदोलन थांबलं का? 5 ऑगस्टला पंतप्रधान देश सोडून गेल्या. इजिप्तमध्ये 2011 ला तेच, 28 जानेवारीला नेट बंद, 11 फेब्रुवारीला मुबारक पायउतार. नेपाळात 2025 च्या सप्टेंबरात 4 तारखेला 26 अ‍ॅपवर बंदी, 8 तारखेला पोरं रस्त्यावर आणि त्या एका दिवसात 19 जण गेले, त्याच रात्री बंदी मागे आणि 9 ला पंतप्रधानांचा राजीनामा. नुसत्या बंदीमुळे सरकारं पडली असं नाही, राग आतून कधीचा साठलेला होता. पण बंदीने तो शांत होत नाही, घरात बसून बघणारा माणूसही काय चाललंय ते बघायला बाहेर पडतो.

आपल्याकडच्या नेटबंदीवर स्टॅनफर्डच्या जॅन रिडझॅक नावाच्या संशोधकाने 2019 मध्ये अभ्यास मांडला, त्यातही हेच निघालं की नेट बंद असताना शांत आंदोलन टिकत नाही, कारण शांत मोर्चाला निरोप लागतो, वेळ ठरवावी लागते, कोणी दगड उचलला तर थांब म्हणणारा लागतो. दगड मारायला कुठे नेट लागतं. तरी 2024 मध्ये भारतात 84 वेळा नेट बंद झालं अशी नोंद आहे, आपल्या पुढे फक्त म्यानमार, 85. सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या नेटबंदीवरच्या, 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश लोकांसमोर ठेवला पाहिजे. ते तरी पाळावं, एवढी माझी साधी अपेक्षा आहे.

दादाच्या पोराला एक निरोप द्या. त्याने मला बिटचॅटची लिंक पाठवली होती, काका हे भारी आहे, नेट नसलं तरी ब्लूटूथवर मेसेज जातात म्हणून. आयडिया खरंच सुंदर आहे, माझा मेसेज शेजारच्या फोनवर, त्याच्यावरून पुढच्या फोनवर, असा हातोहात जातो, टॉवरच नको. नेपाळात त्या आठवड्यात लोकांनी भराभर उतरवून घेतलं. पण ज्याने ते बनवलं त्या जॅक डॉर्सीनेच, ट्विटर काढणाऱ्यांपैकी एक, सुरुवातीला लिहून ठेवलं होतं की याची सुरक्षा बाहेरच्या कोणी तपासलेली नाही. 2019 ला हाँगकाँगच्या आंदोलनात ब्रिजफाय नावाचं असंच अ‍ॅप वापरलं गेलं, आणि 2020 मध्ये इथल्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या लोकांनी तपासलं तर मेसेज वाचता येत होते, कोण कोणाशी बोलतंय तेही कळत होतं. विचार करा, जीव मुठीत धरून बाहेर पडलेली पोरं, आणि ज्या भिंतीमागे लपलोय असं वाटतंय ती काचेची. त्याला सांगा खेळून बघ, कोड वाच, पण कोणाचा जीव त्याच्या भरवशावर टाकू नको.

बाबा तुम्ही असंही म्हणालात की पहिला मेसेज कोणी टाकला ते कंपनीने सांगायला काय हरकत आहे. हरकत ही आहे की एकाचा माग काढायचा तर सगळ्यांच्या मेसेजवर खूण ठेवावी लागते, मग ते कुलूप नावालाच राहतं. आणि पहिला सापडून तरी काय, राईनपाड्याचा मेसेज पहिल्या माणसाने नाही भयानक केला, तो मधल्या हजारो लोकांनी केला. त्यात माझ्यासारखेच काळजीने पाठवणारे सगळ्यात जास्त असणार, मला खात्री आहे.

रविवारी नेहमीच्या वेळेला व्हिडिओ कॉल करतो. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तो मुलं पळवणाऱ्यांचा व्हिडिओ आला म्हणालीस ना आई, तो डिलीट करू नको आणि पुढेही पाठवू नको, तसाच ठेव. मला स्क्रीनवर दाखव, वर दोन बाण आहेत का ते बघू, आणि त्यातली गाड्यांची नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या कोणत्या राज्यातल्या आहेत ते आपण तिघं मिळून शोधू. बाबांनी चष्मा जवळ ठेवावा.

तब्येतीला जपा.

तुमचा,
धाकटा