उरलेल्या दोन पोळ्यांबद्दल आभार

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही लालबागची चाळ सोडून कोकणात राहायला गेलात, त्याला या मे महिन्यात एक वर्ष झाले. निघताना टेम्पोत सामान चढत होते, गॅलरीत निम्मी चाळ जमली होती आणि त्या गडबडीत मला जे बोलायचे होते ते राहून गेले. फोनवर आभाराचा विषय निघाला की तुम्ही ‘जेवलात का?’ असे विचारून तो तिथेच थांबवता. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि ते उघडपणे लिहितो आहे, कारण या शहरात एकट्याने राहून एकट्यापुरते शिजवणारे माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांच्याही ते वाचनात यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२०१९ साली बदली होऊन मी सातारा जिल्ह्यातून मुंबईत आलो, तेव्हा चहा करणे आणि अंडी उकडणे यापलीकडे मला स्वयंपाकातले काही येत नव्हते. तळमजल्यावरच्या तुमच्या पोळीभाजी केंद्रातून रोज संध्याकाळी पाच पोळ्या आणि एक भाजी मी वर नेत असे. तीन पोळ्या खाऊन होत, दोन उरत, आणि सकाळपर्यंत त्या वातड झाल्या की मी त्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकून कामावर जाई. एका रविवारी जिन्याजवळ ठेवलेल्या त्या बादलीत तुम्हाला तुमच्याच हातच्या पोळ्या दिसल्या. पहाटे साडेचारला उठून लाटलेल्या पोळ्यांची ती अवस्था पाहून तुम्ही मला चार शब्द सुनावले असते तरी ते योग्यच झाले असते. तुम्ही एवढेच विचारलेत, ‘कालच्या दोन कुठे आहेत?’ त्या ओट्यावर तशाच पडल्या होत्या. तुम्ही माझ्या मागोमाग वर आलात आणि माझ्या घरातली एकुलती एक कढई शेगडीवर ठेवलीत.

ती दहा मिनिटे मला आजही स्पष्ट आठवतात. दोन्ही पोळ्या तुम्ही हातानेच कुस्करल्यात, काही तुकडे मुद्दाम मोठे ठेवलेत. दीड चमचा तेलात मोहरी तडतडल्यावर शेंगदाणे, हिंग, कढीपत्ता आणि मिरची पडली, मग बारीक चिरलेला कांदा, हळद आणि सर्वांत शेवटी पोळी. माझ्याकडे आंबट होत आलेले दही होते, त्यात पाणी घालून त्याचा हबका मारलात आणि झाकण ठेवलेत. दोन मिनिटांनी झाकण काढले तेव्हा वातड पोळी मऊ झाली होती आणि कढईला लागलेले तुकडे कुरकुरीत झाले होते. फोडणीची पोळी मी लहानपणी आईच्या हातची कितीदा तरी खाल्ली होती. पण ती आपल्याला करता येईल, आणि टाकून द्यायला निघालेल्या वस्तूची करता येईल, हे त्या दिवशी प्रथम कळले. आणि जाताना तुम्ही बजावलेत, ‘उद्यापासून तीनच न्या.’

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला एक स्टीलची वाटी आणून दिलीत आणि माप सांगितलेत : एका माणसाला एका वेळी अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ, आणि पोळ्या करायच्या असतील तर एक वाटी कणीक, म्हणजे चार पोळ्या. हे माप तुमच्या सासूबाईंचे होते. त्या याच चाळीत खानावळ चालवीत आणि गिरणीत पाळ्या करणाऱ्या, गावी बायकामुले ठेवून आलेल्या तीसेक पुरुषांना दोन वेळा जेवू घालीत. त्यांतले काही माझ्याच जिल्ह्यातले होते, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मला फार जवळचे काही ऐकल्यासारखे वाटले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, खानावळीची महिन्याची उधारी थकली, आणि तरीही ताट वाढणे थांबवता येईना. त्या काळात सासूबाई तांदूळ वाटीने मोजून घेऊ लागल्या आणि भाजीची देठे व साली वेगळ्या काढून ठेवू लागल्या. अशाच खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते, हे मी नंतर वाचले, तेव्हा तुमच्या वाटीमागे केवढ्या बायकांचे कष्ट आहेत ते माझ्या ध्यानात आले.

तुमच्याकडून शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र शिळ्याचे काय करावे ही नाही. पहिल्या दिवशी शिजवतानाच दुसऱ्या दिवसाचे काढून ठेवावे, आणि मीठमसाला शेवटी, लागेल तेवढ्यालाच घालावा, ही ती गोष्ट आहे. तूरडाळ अर्धी वाटी शिजवायची. त्यातली निम्मी त्या रात्री साधे वरण म्हणून भातावर घ्यायची. उरलेली काही न घालता, झाकून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिला चिंच, गूळ व गोडा मसाला घालून आमटी करायची, किंवा त्या आमटीतच कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडून वरणफळे करायची. मोड आलेल्या मुगांचेही तसेच : एक दिवस उसळ, एक दिवस खिचडीत. सगळ्या मुगांची एकदम उसळ करून ती तीन दिवस पुरवायला गेले, तर तिसऱ्या दिवशी ती घशाखाली उतरत नाही आणि शेवटी बादलीतच जाते. एकट्या माणसाचे अन्न बहुधा आळसाने वाया जात नाही, तेच ते खाऊन आलेल्या कंटाळ्याने जाते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

भाजीवाल्याकडे पाव किलो मिळते, पण पालेभाजीची जुडी अर्धी मिळत नाही, ही एकट्याची मोठी अडचण. मेथीची अर्धी जुडी भाजीला आणि अर्धी दुसऱ्या दिवशी थालीपिठात, हे तुम्ही ठरवून दिलेत. कोथिंबीर न धुता कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायची, पाने वरून घालायची आणि कोवळी देठे वाटणात. पावाची लादी आणली की दोन पाव खाऊन चार उरतात. ते वाळले की कुस्करून कांदा-टोमॅटोच्या फोडणीत परतायचे. मूठभर सुका जवळा डब्यात असला की उरलेल्या पाव वांग्याचेही जेवण होते, हा तर खास तुमच्या कोकणाचा धडा, आणि माझ्यासारख्या भाकरी खाणाऱ्याला तो फार मानवला.

दोडक्याच्या शिरांची चटणी मी आता न विचारता करतो. शिरा कोवळ्या असतील तरच घ्यायच्या, थोड्या तेलात त्या कडेने तांबूस होईपर्यंत परतायच्या, तीळ आणि सुके खोबरे वेगळे भाजायचे, आणि मिरची, जिरे, मीठ घालून सगळे भरडच वाटायचे. वाटण बारीक झाले की चव जाते, हे तुम्ही दोनदा सांगूनही मी पहिल्या वेळी विसरलो होतो. दुधीच्या सालींचीही अशीच चटणी होते, पण मला दोडक्याचीच अधिक आवडते.

एका बाबतीत मी तुमचे ऐकले नाही, त्याची कबुली इथे द्यायला हवी. मुंबईच्या मे महिन्यात रात्रीचा भात ओट्यावर ठेवू नका, असे तुम्ही बजावले होते. मी तो ठेवला, सकाळी वास बरा वाटला म्हणून फोडणीला टाकला, आणि दुपारपर्यंत उलट्यांनी हैराण झालो. डॉक्टरांनी त्याचे कारण समजावून सांगितले : बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, उबदार हवेत भात तासन्‌तास राहिला की ते वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेले विष भात पुन्हा गरम केला तरी नाहीसे होत नाही. तेव्हापासून भात पसरट भांड्यात काढून लवकर निववतो, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवतो आणि दुसऱ्याच दिवशी संपवतो. त्यापुढे गेलेला भात टाकून देण्यात मला आता अपराध वाटत नाही. काटकसर पोटाला धरून असावी हे तुमचेच म्हणणे होते, आणि त्या आजारपणात तीन दिवस तुम्ही मेतकूट-भात वर पाठवलात, त्याचे पैसेही घेतले नाहीत.

काकू, पुढे माझ्या पाच पोळ्यांच्या तीन झाल्या, तिनांच्या आठवड्यातून दोन वेळा झाल्या आणि शेवटी मी तुमच्या केंद्रात फक्त सणाच्या दिवशी पुरणपोळीपुरता येऊ लागलो. ज्या धंद्यावर तुमचे घर चालत होते, त्यातले रोजचे एक गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच्या हाताने कमी केलेत, आणि मी संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना दिसलो की तुम्ही पोळ्या लाटता लाटता ‘आज काय?’ असे आनंदाने विचारीत होतात. या गोष्टीचे मोल मला पैशांत करता येत नाही. चाळीतल्या कुणालाही ती साधी वाटेल. मला ती साधी वाटत नाही.

दिवाळीनंतर गुडघा दाखवायला तुम्ही परळला येणार आहात असे तुमच्या मुलाकडून कळले. त्या दिवशी दुपारचे जेवण माझ्याकडे करावे, ही आग्रहाची विनंती. साधे वरण, भात, दोडक्याची भाजी आणि शिरांची चटणी, एवढाच बेत आहे. तुमची वाटी तांदळाच्या डब्यातच असते. त्या दिवशी तांदूळ अर्धी नाही, पूर्ण वाटी घेईन.

आपला नम्र,
दुसऱ्या मजल्यावरचा तुमचा शेजारी
लालबाग, मुंबई