नगरपरिषदेचा पत्रव्यवहार साहेबांच्या जीमेलवर कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

माहिती अधिकार कायदा २००५ साली आला आणि माहिती म्हणजे काय ते कलम २ मध्ये स्पष्ट दिलंय, दस्तऐवज, परिपत्रकं, आदेश, लॉगबुक, करार आणि ई-मेलसुद्धा. तरी एखाद्या कामाबद्दल अधिकाऱ्याने ठेकेदाराला काय मेल केले ते मागून बघा, बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर मिळतं, माहिती निरंक आहे, म्हणजे आमच्याकडे काहीच नाही.

आमच्या इकडच्या एका नगरपरिषदेत मी पाण्याच्या लाईनच्या कामाचे कागद मागितले होते. मुदतवाढ कोणी मागितली, काय कारण सांगितलं, एवढंच बघायचं होतं. निविदा मिळाली, कार्यादेश मिळाला, बिलं पण मिळाली, मधला पत्रव्यवहार मात्र काहीच नाही. प्रथम अपिलाच्या सुनावणीत कळलं की ते सगळं तेव्हाच्या अभियंत्याच्या स्वतःच्या जीमेलवर आणि व्हॉट्सअॅपवर झालं होतं आणि त्यांची तर बदली झाली. म्हणजे साहेबांबरोबर रेकॉर्ड पण गेलं! चार्ज देताना कपाटाची चावीसुद्धा लिहून घेतात हो, मेलचं कोणी विचारत पण नाही.

आणि हे सगळं प्रशासकांच्या काळात झालं म्हणून मला जास्त राग येतो. २०२२ च्या आसपास नगरसेवकांच्या मुदती संपल्या, कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांकडे गेला आणि बऱ्याच नगरपरिषदा-महापालिकांत तीन-चार वर्षं लोकांनी निवडून दिलेलं कोणीच नव्हतं. आधी सर्वसाधारण सभेत विषय यायचा, नगरसेवक भांडायचे, इतिवृत्तात चार ओळी तरी राहायच्या. प्रशासक आल्यावर ती चर्चाच बंद, एकाच माणसाच्या सहीने कोट्यवधींची कामं मंजूर, मग निर्णय का घेतला हे कळायला त्या काळातल्या टिपण्या आणि मेल एवढंच उरतं आणि नेमकं तेच सापडत नाही.

पुणे महापालिकेत सोमवारी नागरिकांना फाईली बघायला मिळायच्या, ती सोय नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाली, दर सोमवारी दुपारी ३ ते ५, अर्ज न करता जाऊन बघायचं. फार चांगली सोय आहे, लोकांनी वापरली पाहिजे. पण टेबलावर येते ती कागदी नस्ती, म्हणजे फाईल, मेल त्या नस्तीला लावलाच नसेल तर दोन तास बसून बघणार काय?

काही अधिकारी म्हणतात मेल ही आमची खाजगी बाब आहे. घरच्यांना केलेला मेल खाजगीच आहे, तो कोणी मागत पण नाही. पण सरकारी कामाचा मेल खाजगी अकाउंटवरून पाठवला म्हणून तो खाजगी कसा होतो? नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं कलम, बदललं, आता नुसतं वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार देता येतो, आणि त्याचा आधार घेऊन जास्तीत जास्त अर्ज फेटाळले जातील अशी मला खरी भीती आहे. कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, अपिलात लोकांनी ते आवर्जून लिहावं.

यावर करायचं काय तर फार अवघड नाही. मेल आयडी पदाच्या नावाने असावा, माणसाच्या नाही, आणि चार्ज देताना त्याचा पासवर्ड पण लेखी द्यावा. कामाचा प्रत्येक मेल जावक नंबर टाकून नस्तीला लावावा. व्हॉट्सअॅपवर आदेश दिला असेल तर त्याची प्रिंट पण लावावी. मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड आहे, पण रेकॉर्ड कार्यालयात आलंच नाही तर नष्ट केलं म्हणून सिद्ध कसं करायचं. हे सगळं मुख्याधिकारी एका परिपत्रकाने करू शकतात, नवा कायदा लागत नाही.

आता निवडणुका झाल्यात, नगराध्यक्ष आणि नगरसेवक आलेत, त्यांनी येत्या सभेत हा विषय घ्यावा. आणि आपल्या पेपरला विनंती, तालुक्या-तालुक्यातल्या वार्ताहरांना सांगून प्रत्येक नगरपरिषदेला विचारा की तुमचा अधिकृत मेल आयडी कुठला, तो उघडतं कोण, आणि प्रशासकांच्या काळातले मेल आत्ता कोणाकडे आहेत, आणि जी उत्तरं येतील ती गावाच्या नावासकट छापा.

आपला,
एक नियमित वाचक