दादा, तुमच्या त्या वाफ्यासाठी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

समोर बोलायला गेलं की तुम्ही "काकू, त्यात काय एवढं!" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

हे गेल्यापासून माझ्या हाताला कामच उरलं नव्हतं. काही करायला उठले की सून म्हणायची, "राहू द्या आई, मी करते." मायेनंच म्हणायची. पण दिवसातून दहा वेळा 'राहू द्या' ऐकलं की माणूस खरंच राहून जातं.

लेकीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा भाजी लावायला भाड्यानं मिळणारे जमिनीचे तुकडे पाहिले होते. मागणी असेल तिथं अशी जागा द्यायची जबाबदारी १९०८च्या कायद्यानं तिथल्या पालिकांवर टाकली आहे. पुरा तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. तिथली म्हातारी माणसं थंडीतही खुरपत होती. मला हेवा वाटला होता.

तुमच्यावर तर कुठल्या कायद्याचं बंधन नव्हतं. कळंब्याच्या प्लॉटसाठी बिल्डर खेपा घालत असताना तुम्ही तिथं आम्हा सहा जणांना वाफे पाडून दिलेत. माझे गुडघे वाकत नाहीत हे तुम्ही न सांगता ओळखलंत आणि माझा वाफा विटा रचून कमरेएवढा उंच केलात.

दसऱ्यानंतर पहिल्यांदा धणे पेरले. फरशीवर पसरून चपलेनं हलकेच रगडले, एकेका धण्याची दोन दलं झाली. शेणखत घातलं, बोटानं रेघा ओढल्या, पेरून वर माती सारली. आठ दिवस नुसती काळी माती. नवव्या दिवशी सकाळी मातीचा पापुद्रा उचलून एक वाकडा कोंब वर आलेला, डोक्यावर धण्याचं टरफल तसंच. मी हाक मारली तशी शेजारच्या वाफ्यातले गुरुजी हातातलं खुरपं टाकून आले. दोघंही कितीतरी वेळ बघत उभे होतो.

आता एक दिवस गेले नाही तर गुरुजींचा फोन येतो. वाफ्यावर मला कुणी 'राहू द्या' म्हणत नाही. पाणी मी घातलं नाही तर मेथी माना टाकते, एवढं सरळ आहे ते. पहिली जुडी सुनेच्या हातात दिली, तिनं लसणाची फोडणी देऊन भाजी केली. हल्ली ती कपिलतीर्थ मंडईत जाण्याआधी मला विचारते, "आई, उद्या काय निघेल तुमच्याकडं?"

घेवड्याला शेंगा धरल्यात. शनिवारी पहिला तोडा आहे. वहिनींना सांगा, त्या दिवशी भाजी आणू नका, मी घेऊन येते.

तुमची,
काकू